कोल्हापूर, आठ माणसं आणि सोळा चपला

कुटुंबासह कोल्हापूरला जायचं ठरलं की आधी देवळाची चर्चा होते, मग मटणाची. चपलेचा विषय निघतो शेवटच्या दिवशी, सामान गाडीत चढल्यावर, आणि तिथेच घोटाळा होतो. अर्ध्या तासात आठ जणांच्या चपला घेतल्या की घरी येईपर्यंत निदान तिघांच्या अंगठ्याला फोड आलेला असतो आणि बदलून घ्यायला दुकान दोनशे तीस किलोमीटर मागे राहिलेलं असतं. म्हणून या प्रवासाचा क्रम उलटा लावावा: चप्पल पहिल्या दिवशी, सिनेमा दुसऱ्या दिवशी, गूळ-मसाला तिसऱ्या दिवशी. जानेवारीचे पहिले तीन आठवडे उत्तम. थंडी सोसवते आणि गुऱ्हाळं चालू असतात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईचा किरणोत्सव असतो, त्याच्या आसपास खोल्या मिळणं कठीण. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेलाही तेच.

आदली संध्याकाळ

बॅगा भरणं सोपं असतं, गच्चीवरच्या कुंड्यांचं काय करायचं हे अवघड. थंडीतल्या तीन-चार दिवसांसाठी मोठ्या कुंड्यांना काही करावं लागत नाही. खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत भरपूर पाणी घालायचं, सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवायच्या, तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या, बस्स. कोरफडीला आणि निवडुंगाला हातही लावू नये.

अडचण सहा इंचाच्या आतल्या कुंड्यांची असते. त्यांच्यासाठी सुती नाडीची युक्ती चालते. परकराची जुनी सुती नाडी घ्यायची, आधी पूर्ण भिजवायची, एक टोक मातीत दोन-तीन इंच खोचायचं आणि दुसरं बादलीच्या तळाशी सोडायचं. बादली कुंडीच्या मातीपेक्षा चार-सहा इंच उंच ठेवायची, म्हणजे विट घ्या किंवा उलटा डबा. बिघडतं ते तीन ठिकाणी. नाडी गुळगुळीत नायलॉनची असेल तर पाणी नीट चढत नाही. कोरडीच लावली तर ओढ सुरूच होत नाही. आणि नाडीचा मधला भाग उन्हात राहिला तर पाणी कुंडीपर्यंत पोचण्याआधी उडून जातं. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती कुंडीत उलटी खोचण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण माती भुसभुशीत असेल तर ती बाटली तासाभरात रिकामी होते.

शेजारच्या काकूंना किल्ली देणार असाल तर सोबत तांब्याही द्या, आणि 'दिवसाआड एका कुंडीला एक तांब्या' असं कागदावर लिहा. लिहून दिलं नाही तर काकू मायेने पाणी घालतात. न घातलेल्या पाण्यापेक्षा मायेने घातलेल्या पाण्याने जास्त झाडं मरतात.

याच संध्याकाळी, जे येणार नाहीत त्यांच्या पायांची मापं घ्यायची. 'माझा आठ नंबर' हा निरोप कामाचा नाही, कारण हाताने शिवलेल्या चपलेत एका दुकानाचा आठ दुसऱ्याच्या साडेसातएवढा असू शकतो. वर्तमानपत्रावर उभं राहायला सांगा, बसून नाही, कारण अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. पेन्सिल अगदी सरळ उभी धरून दोन्ही पायांची रेघ काढा. पेन्सिल आत कलली तर माप बारीक निघतं. कागदावर नाव आणि 'डावा', 'उजवा' लिहा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचक्यात एक ठिपका द्या. चपलेचा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची चामड्याची कडी, तिथेच बसतो, आणि कारागीर सगळ्यात आधी तोच ठिपका बघतो.

पहिला दिवस: पुणे ते चप्पल लाइन

पुण्याहून सकाळी सहाला निघालं तर खंबाटकी, सातारा, कऱ्हाड, पेठ नाका असं करत दुपारच्या जेवणाला कोल्हापुरात पोचता येतं. एरवी पाच तासांचा रस्ता, पण गाडीत एक आजी, दोन लहान मुलं आणि 'इथला चहा चांगला असतो' म्हणणारे एक काका असतील तर सात तास धरा. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं लागतील तिथला वेळ वेगळा. मुंबईकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहेच, सकाळी थेट कोल्हापुरात उतरवते.

दुपारी झोप काढावी. चप्पल घ्यायची वेळ संध्याकाळची. दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि माप त्याच पायाचं घ्यायचं असतं.

भवानी मंडप ते महाद्वार या भागात चपलांची दुकानं ओळीने आहेत. पहिल्या दुकानात घेऊ नये, तिथे फक्त हात लावून बघायचं. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते. तळाला जाड म्हशीचं कातडं, वरच्या नाजूक वेणीला बहुधा शेळीचं. चांगल्या चपलेत खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. तपासायचं ते असं. तळाची कड बघा. खऱ्या चामड्याची कड तंतुमय, थोडी खरखरीत दिसते. रेक्झिनच्या कडेला खालचं कापड डोकावतं. चप्पल मधे वाकवून बघा, नुसती चिकटवलेली असेल तर थरांत फट पडते. वास घ्या. कमावलेल्या चामड्याला सालीसारखा तुरट वास येतो, रंगाचा किंवा रॉकेलसारखा वास आला तर पुढच्या दुकानात.

प्रकारही विचारून घ्यावेत. कानवाली, कापशी, कुरुंदवाडी, पुकारी, बक्कलनाली अशी नावं आहेत आणि त्यातली कापशी, कुरुंदवाडी ही सरळ गावांवरून पडलेली. भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे धरून. त्यामुळे दुकानदाराने 'हा माल निपाणीकडचा हाय' असं सांगितलं तर नाक मुरडण्याचं कारण नाही.

आता मापाचं. चामडं लांबीत वाढत नाही, रुंदीत सैल होतं. म्हणून टाच मागे बाहेर लोंबता कामा नये, पण पट्टा पहिल्या दिवशी घट्टच लागला पाहिजे. 'पाव्हणं, दोन दिसांत सैल हुतीया' हे दुकानदाराचं वाक्य पट्ट्याच्या बाबतीत खरं आहे, अंगठ्याच्या बाबतीत नाही. अंगठा टोचत असेल तर तो टोचतच राहतो. दोन्ही पायांत घालून दुकानाबाहेरच्या फरशीवर पन्नास पावलं चाला. घासाघीस होते, पण 'आमच्याकडे यापेक्षा स्वस्त मिळते' हे काकांचं वाक्य इथे चालत नाही. दुकानदार शांतपणे 'मग तिकडंच घ्यायची हुती की' म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

खोलीवर आल्यावर लगेच एरंडेल. एका जोडाला चहाचा एक चमचा पुरे. कापसाच्या बोळ्याने अंगठ्याच्या आतल्या बाजूला, पट्ट्याच्या आत आणि वेणीला चोळायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. खोबरेल चालतं, पण थंडीत थिजतं. तळाला तेल लावू नये, पाय घसरतो. दुसऱ्या दिवशी अर्धा तास, तिसऱ्या दिवशी दोन तास, एवढंच घालायचं. फार टोचली तर बदलायला दुकान अजून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पहिल्या दिवशी खरेदी करण्यामागचा डाव तो हाच.

आणि एक. आठ जणांनी एकाच दुकानातून एकसारखी कानवाली घेतली की देवळाबाहेर, जिथे निम्मं गाव तसलीच घालून आलेलं असतं, आपली कुठली हे अंबाबाईलाही सांगता येणार नाही. प्रत्येकाने आतल्या बाजूने पट्ट्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. आजोबा दोरा बांधायला नकार देतात आणि मग दुसऱ्याची चप्पल घालून येतात. बहुतेक वेळा ती त्यांच्या चपलेपेक्षा बरी असते, हा भाग वेगळा.

दुसरा दिवस: सिनेमाचं गाव

पहाटे उठणारे असतील त्यांनी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जावं. म्हशी समोर उभ्या असतात, धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. लहान मुलं आणि आजी-आजोबा यांना मात्र न तापवलेलं दूध देऊ नये, 'आमच्या वेळी' हे वाक्य कितीही वेळा ऐकवलं गेलं तरी. बाटलीत भरून आणून तापवा. नाश्त्याला मिसळ घ्या. तिच्याबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर भांडायला माणसं पुष्कळ आहेत.

नऊ वाजता खरी कॉर्नर. इथे चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. देवाचा नाही, राजाचा नाही, चक्क कॅमेऱ्याचा. बाबूराव पेंटरांनी १ डिसेंबर १९१७ रोजी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. घराणं मिस्त्रीकाम करणारं, हातात कला नाटकाचे पडदे रंगवण्याची. बरोबरीने पडदे रंगवणारे आनंदराव पेंटर १९१६ मध्ये गेले, आणि त्या दोघांचं सिनेमाचं स्वप्न बाबूरावांनी पुढे नेलं. कॅमेरा इथेच, विष्णुपंत दामल्यांच्या हातच्या कारागिरीने तयार झाला. १९२० चा 'सैरंध्री' त्यातून आला. स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केलेली, आणि कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की ते पुढे कापावं लागलं. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच सिनेमावर.

चपलेच्या दुकानातून नुकतंच आलेलं असलं की ही गोष्ट वेगळी कळते. सुतार, लोहार, रंगारी आणि चांभार एकमेकांच्या हाकेवर राहत होते, म्हणून या गावात सिनेमा उभा राहिला. पैसा मुंबईत होता, पडदा रंगवणारा हात इथे होता.

मुलांना हे तीन मिनिटांच्या पलीकडे ऐकवता येत नाही. म्हणून पुढचं सांगताना खासबाग मैदानाकडे चालू लागावं. शाहू महाराजांच्या काळातलं कुस्तीचं गोल मैदान, मुलं उतारावरून धावत सुटतात आणि मोठ्यांना बोलायला दहा मिनिटं मिळतात. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. १९१५ मधलं पॅलेस थिएटर ते हेच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं.

प्रभातचं नाव पुणेकर आपलं म्हणून घेतात, तर हेही इथेच सांगून टाकावं: प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही मंडळी महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच बाहेर पडलेली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये कोल्हापुरात झाला, आणि पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली. पुण्यातल्या त्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. काका इथे गप्प होतात.

जयप्रभा स्टुडिओ बाहेरूनच बघायचा. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांची ही वास्तू १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सापडली, भालजींनी ती पुन्हा उभी केली. आत जाण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये. मोरेवाडीच्या चित्रनगरीतही चित्रीकरण चालू असेल तर फाटकावरूनच परत यावं लागतं, त्यामुळे आधी फोन करून परवानगीचं विचारा आणि मगच रिक्षा करा.

दुपारचा वेळ राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयाला द्यावा, कारण कुटुंबातल्या एका जुन्या वादाचा निकाल तिथे लागतो. जुना कृष्णधवल सिनेमा लागला की आई म्हणते चंद्रकांत, मावशी म्हणते सूर्यकांत, आणि जेवण गार होतं. दोघे सख्खे भाऊ, दोघेही नट, आडनाव मांडरे. चंद्रकांत थोरले, मूळ नाव गोपाळ. सूर्यकांत धाकटे, मूळ नाव वामन. संग्रहालय थोरल्यांचं. त्यांची निसर्गचित्रं, आणि विशेष म्हणजे पावडर शेडिंगची कामं इथे आहेत. त्यात रंगाची कोरडी भुकटी कागदावर बोटाने, कापडाने चोळत छटा आणतात. ब्रशाची रेघ कुठेच सापडत नाही, म्हणून चित्राच्या जवळ जाऊन बघावं. जाण्याआधी सुटीचा वार विचारून घ्या, सरकारी संग्रहालयांचा तो वार रविवार नसतो.

रात्री तांबडा-पांढरा. पांढरा आधी प्यायचा, तांबड्याने जीभ भाजली की पांढऱ्यातलं नारळाचं दूध आणि खसखस कळत नाही. मुलांना पांढरा चालतो असा सर्वसाधारण समज आहे, पण त्यात हिरवी मिरची आणि पांढरी मिरी असू शकते. एक चमचा आधी आपण घ्यावा.

तिसरा दिवस: गुऱ्हाळ आणि मसाला

पन्हाळा करायचा असेल तर सकाळी सातला निघून अकराला परत यायचं. वीसेक किलोमीटरच आहे. तीन दरवाजा, अंबरखाना आणि सज्जा कोठी एवढंच बघा. कारण खरं काम खाली आहे.

शहराबाहेर कुठल्याही उसाच्या रस्त्याने गेलं की धूर दिसतो, तिथे गुऱ्हाळ. विचारून आत गेलं तर कोणी नाही म्हणत नाही, फक्त काहिलीपासून मुलांना दोन हात लांब ठेवा. उकळता रस तेलासारखा चिकटतो. चरकातून आलेला रस काहिलीत पडतो, खाली चिपाडाचा जाळ. रसात भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात, त्याने मळी वर येते आणि झाऱ्याने काढता येते. आंबटपणा मारायला थोडा चुना. दोन-अडीच तासांनी पाक १०५-१०६ अंशांना पोचला की काकवी. ती हवी असेल तर याच वेळी मागायची, नंतर मिळत नाही. पुढे ११६-११८ अंशांच्या आसपास गूळ तयार. तिथे थर्मामीटर बघायला कोणी थांबत नाही. गुळव्या पाण्याच्या भांड्यात थेंब सोडतो आणि बोटांनी गोळी वळते का बघतो. गोळी मऊ पडली तर गूळ पावसाळ्यात पाझरतो, जास्त कडक झाली तर जळकट चव येते. एक टन उसाला शंभर ते एकशे वीस किलो गूळ पडतो.

घेताना रंगावर जाऊ नका. अगदी पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रोस नावाचं रसायन घालून उजळलेला असतो, महिन्या-दोन महिन्यांत तो काळवंडतो. तपकिरी, किंचित ओबडधोबड रवा, म्हणजे गुळाची ढेप, बरा. पाण्यात विरघळवून पाहिला तर तळाशी माती किंवा पांढरा गाळ राहू नये. पाच किलोचा रवा स्वस्त वाटतो, पण घरी तो फोडताना सुरी मोडते आणि मग अख्खं घर बत्ता शोधत फिरतं. एक-एक किलोचे रवे घ्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, मग पिशवीत. चपलांच्या पिशवीशेजारी अजिबात नको, गुळाला चामड्याचा वास लागला तर पुरणपोळीपर्यंत जातो.

मसाला दुपारी. कांदा-लसूण मसाल्यात रंग येतो तो बेडगी मिरचीचा आणि चव येते ती संकेश्वरी मिरचीची. नुसता लालभडक मसाला म्हणजे तिखट असं नाही. चिमूटभर तळहातावर चोळा. बोटाला तेल लागलं, भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला तर ठीक. जिभेवर ठेवल्यावर पहिल्यांदा मीठच लागलं तर वजन वाढवलेलं आहे. खवट वास आला तर खोबरं जुनं. चौघांच्या घराला रोज दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम धरले तर किलोभर तीन महिने पुरतो. मसाल्यात कांदा आणि खोबरं असल्यामुळे त्याहून जास्त दिवस बाहेर ठेवायचा असेल तर फ्रीजर गाठावा. 'मलाही आण' म्हणणाऱ्या सगळ्यांचं मिळून आठ-नऊ किलो सहज होतं. प्रत्येकाची पुडी दुकानातच वेगळी बांधून घ्या आणि वर नाव लिहा. तीन पदरी पिशवी लागते. दोन पदरी पिशवीतून आलेला वास आजीच्या शालीतून होळीपर्यंत जात नाही.

परतीचा दिवस

रोपं घ्यायची असतील तर महामार्गावरच्या रोपवाटिकेत, आणि घराच्या जितकी जवळ तितकी बरी. डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी तापली की पानं उकडतात. पायाशी ठेवा, वर वर्तमानपत्र झाका, एसीचा झोत चुकवा. नातेवाइकांच्या अंगणातून फांद्या आणत असाल तर जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, सात-आठ इंचांची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणता येते. पांढऱ्या चाफ्याची मात्र कोरडीच आणायची आणि चीक सुकेपर्यंत चार-सहा दिवस सावलीत पडू द्यायची. लगेच लावली तर बुडाशी कुजते. सोनचाफ्याच्या काडीसाठी मामीला गळ घालू नका, तो कलमाचाच घ्यावा लागतो. घरी आल्यावर रोपांना आठ-दहा दिवस सावली, जुन्या कुंड्यांपासून लांब. पांढरा मावा आला असेल तर तो एवढ्यात दिसतो.

चपला पिशवीतून त्याच रात्री बाहेर काढा. प्लास्टिकमध्ये राहिल्या तर चार दिवसांत बुरशी. पावसाळ्यात घालायच्याच नाहीत, आणि चुकून भिजल्या तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. गुळगुळीत फरशीवर घसरत असतील तर चांभाराकडून तळाला पातळ रबर लावून घेता येतं, पण मग चालताना येणारा आवाज जातो. तो हवा म्हणून चप्पल घेतली असेल तर फरशीवर जपून चाला.

हिशोब गाडीतच करावा, पेठ नाका ते कऱ्हाड या टप्प्यात. तोवर सगळे जागे असतात आणि पावत्या सापडतात. टोल आणि पेट्रोल माणशी, जेवण माणशी (पांढरा रस्सा तीनदा मागवणाऱ्याचे वेगळे), मसाला वजनावर, चपला ज्याच्या त्याच्या. काका म्हणतात, 'राहू दे गं, घरी गेल्यावर बघू.' त्यांना नाही म्हणायचं आणि वही पुढे करायची.